एकाच पार्टीचे असून एवढे का भांडतात? अमेरिकन प्रायमरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी जानेवारी आला की पुण्याहून मामाचा फोन येतो. "काय रे, हे दोघं एकाच पार्टीचे ना, मग एकमेकांना एवढं का बोलतायत?" मग मी अर्धा तास समजावतो, तो "अच्छा अच्छा" करतो, आणि चार वर्षांनी परत तोच प्रश्न. म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

मी न्यूजर्सीत २००४ पासून आहे, आधी व्हिसावर, मग ग्रीन कार्ड, आणि २०१५ ला सिटीझन झालो. त्यामुळे माझं ज्ञान पुस्तकातलं कमी आणि दादाच्या डायनिंग टेबलवरचं जास्त आहे. दादा-वहिनी माझ्या बरेच आधी आलेले, दोघांना मत आहे, दोघं पक्के डेमोक्रॅट, आणि २००८ मध्ये दादा ओबामावाला आणि वहिनी हिलरीवाली. पुढचं ओघाने येईलच.

प्रायमरी म्हणजे नक्की काय? थोडक्यात सांगा.

पार्टीचं तिकीट कोणाला द्यायचं हे पार्टीच्या मतदारांनीच मत देऊन ठरवायचं, एवढंच. जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात मतदान होतं, मतांच्या हिशोबाने उमेदवारांना डेलिगेट म्हणजे पार्टीच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी मिळतात, आणि उन्हाळ्यात पार्टीचं मोठं अधिवेशन भरतं, तिथे ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त डेलिगेट तो उमेदवार. नोव्हेंबरची खरी लढत त्यानंतर.

हे कायम असं नव्हतं. १९६८ मध्ये डेमोक्रॅट्सनी ह्युबर्ट हम्फ्रीला तिकीट दिलं, त्याने एकही प्रायमरी लढवली नव्हती, आणि शिकागोत अधिवेशनाच्या बाहेर पोलिसांनी निदर्शनं करणाऱ्या पोरांना बेदम मारलं ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. त्यानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून कारभार मतदारांच्या हातात आला. म्हणजे आता भांडतात ते लोक, आधी भांडायचे ते बंद खोलीतले पुढारी.

पण दोघांची मतं जवळपास सारखीच असतात, मग भांडतात कशावरून?

सारखी असतात म्हणूनच तर. गावात परक्या माणसाशी कोणी बांधावरून कोर्टात जात नाही, सख्ख्या चुलतभावाशी जातं.

२००८ चं बघा. ओबामा आणि हिलरी यांच्यात धोरणाचे म्हणावेत असे फरक दोनच. एक, इराक. हिलरीने ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं, आणि त्याच महिन्यात ओबामाने शिकागोत विरोधात भाषण केलं होतं, तेव्हा तो नुसता राज्याच्या सिनेटमध्ये होता म्हणा. दादाचं सगळं ओबामापण या एका भाषणावर उभं होतं. दुसरा, हेल्थ इन्शुरन्स. हिलरी म्हणत होती प्रत्येकाने इन्शुरन्स घेणं कायद्याने सक्तीचं करा नाहीतर धंदा चालणार नाही, ओबामा म्हणत होता सक्ती फक्त मुलांसाठी, मोठ्यांना नको. वहिनी एका डॉक्टरच्या ऑफिसात बिलिंग बघायची, तिला हे पाठ होतं, ती दादाला म्हणायची "अहो, धडधाकट माणूस आजारी पडेपर्यंत इन्शुरन्स घेणारच नाही, मग पैसे भरणार कोण?" आणि गंमत म्हणजे ओबामा निवडून आला आणि २०१० मध्ये त्याने जो कायदा केला त्यात ती सक्ती होतीच. कायदा पास झाला त्या रात्री वहिनीने दादाला फक्त एवढंच विचारलं, "चहा घेणार का?" आणि जे काही हसली ते बघायला पाहिजे होतं.

बाकी सगळं भांडण माणसांचं होतं, मुद्द्यांचं नव्हे. पहिली बाई की पहिला काळा माणूस, अनुभव की नवा चेहरा, कोण कोणाला काय बोललं. न्यू हॅम्पशायरच्या डिबेटमध्ये हिलरीला विचारलं की लोकांना तुमच्यापेक्षा ओबामा जास्त आवडतो, तर मध्येच ओबामा खाली मान घालून म्हणाला, "यू आर लायकेबल इनफ, हिलरी". दादाच्या मते तो जोक होता. वहिनीने ते वाक्य आजवर माफ केलेलं नाही, आणि ऑफिसात मीटिंगमध्ये असं कोणाकडून तरी ऐकून घेतलेल्या प्रत्येक बाईला तिचं म्हणणं लगेच कळतं. दोन दिवसांनी पोर्ट्समथच्या एका कॉफी शॉपमध्ये बोलताना हिलरीचा आवाज भरून आला, सगळे पोल ओबामा जिंकणार सांगत होते, आणि न्यू हॅम्पशायर जिंकली हिलरीने.

कॉकस म्हणजे काय? प्रायमरीपेक्षा वेगळं का?

प्रायमरी म्हणजे साधं मतदान, जायचं, बटण दाबायचं, घरी यायचं. कॉकस म्हणजे सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग, पण फेब्रुवारीच्या किंवा त्याहून वाईट म्हणजे जानेवारीच्या थंडीत, रात्री.

माझा इंजिनिअरिंगचा एक मित्र तेव्हा आयोवात एम्सला पीएचडी करत होता, त्याला मत नव्हतं पण ३ जानेवारी २००८ ला तो बघायला म्हणून गेला. शाळेचं जिम. एका कोपऱ्यात ओबामावाले, एका कोपऱ्यात हिलरीवाले, एका भिंतीला एडवर्ड्सवाले, आणि बास्केटबॉलच्या रिंगखाली रिचर्डसनचे दहा-बारा जण (एडवर्ड्स आणि रिचर्डसन हे बाकीचे उमेदवार). तेव्हा डेमोक्रॅट्सच्या कॉकसमध्ये गुप्त मतदान वगैरे काही नव्हतं, तुम्ही कुठे उभे आहात ते अख्ख्या गावाला दिसायचं, तुमच्या मुलाच्या टीचरला, तुमच्या डेंटिस्टला, सगळ्यांना. मग डोकी मोजतात. ज्या गटात एकूण हजेरीच्या १५ टक्के लोक नाहीत तो गट बाद, त्या लोकांनी दुसरीकडे जायचं किंवा घरी. आणि खरी मजा इथे सुरू होते, कारण आता रिचर्डसनच्या त्या दहा-बारा जणांना ओढायला तिन्ही कोपऱ्यांतून माणसं धावतात. मित्र सांगत होता, एक आजी कुकीजचा डबा घेऊन आली, एक जण युद्धावर बोलत होता, आणि एक काका अर्धा तास ठाम उभे राहून शेवटी शेजाऱ्याच्या गटात गेले, कारण शेजारी दर हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ काढून देतो. याला म्हणतात लोकशाही.

त्या रात्री राज्यात ओबामाला ३८ टक्के, एडवर्ड्सला ३०, हिलरीला २९. हिलरी तिसरी! वहिनी दुसऱ्या दिवशी फोन उचलत नव्हती.

आता हा प्रकार कमी होत चाललाय. नाईट शिफ्टवाल्याने, लहान मूल असलेल्या बाईने रात्री दोन तास जिममध्ये कसं उभं राहायचं हा प्रश्न रास्तच आहे. वर २०२० मध्ये आयोवाने निकाल कळवायला एक ॲप वापरलं, ते बसलं, आणि कोण जिंकलं ते कळायला कित्येक दिवस लागले. २०२४ ला डेमोक्रॅट्सनी पहिला नंबर आयोवाकडून काढून साऊथ कॅरोलायनाला दिला.

जास्त मतं मिळाली तो जिंकला, यात भांडण्यासारखं काय आहे?

इथे जरा बसा, कारण सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात.

५ फेब्रुवारी २००८, सुपर ट्यूसडे, वीस-बावीस राज्यांत एका दिवशी मतदान. आमच्याकडे त्या दिवशी वेगळीच धमाल होती, कारण दोन दिवसांपूर्वी इथल्या जायंट्स टीमने अमेरिकन फुटबॉलची फायनल, सुपर बोल, जिंकलेली आणि मॅनहॅटनमध्ये त्यांची मिरवणूक, सकाळच्या ट्रेनमध्ये निळ्या जर्सीवाली पोरं खच्चून भरलेली. संध्याकाळी दादाकडे निकाल बघायला बसलो. न्यूजर्सी हिलरीने जिंकली, ५४ विरुद्ध ४४, आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स पण तिचीच. वहिनी खुश, शिरा केला.

दादा मात्र शांतपणे लॅपटॉपवर काहीतरी बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "न्यूजर्सीतून तिला ओबामापेक्षा ११ डेलिगेट जास्त, आणि आयडाहोतून ओबामाला तिच्यापेक्षा १२."

आता बघा. न्यूजर्सीत मतं पडली अकरा लाखांच्या वर. आयडाहोच्या कॉकसला आले सगळे मिळून एकवीस हजारांच्या आसपास. पण न्यूजर्सीत डेलिगेट वाटले गेले ५९ आणि ४८, आणि आयडाहोत ओबामाला ऐंशी टक्क्यांच्या जवळपास मतं, म्हणून १५ आणि ३. म्हणजे लाखो मतांनी जिंकून जे कमावलं ते तिकडे बटाट्याच्या राज्यात काही हजारांत फिटलं.

कारण असं की डेमोक्रॅट्सचे डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात, आणि तेही बरेचसे मतदारसंघानुसार. समजा एका मतदारसंघात ४ डेलिगेट आहेत. तुम्ही ५८ विरुद्ध ४२ ने जिंकलात, म्हणजे चांगलंच जिंकलात, तरी वाटणी दोन-दोनच. तीन-एक व्हायला साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं. त्यामुळे मोठं राज्य थोडक्यात जिंकण्यापेक्षा छोटं राज्य तुफान जिंकणं फायद्याचं. ओबामाच्या लोकांनी हे गणित आधी करून छोट्या कॉकसवाल्या राज्यांत ऑफिसं उघडली, हिलरीच्या लोकांनी मोठ्या राज्यांवर भरवसा ठेवला. फेब्रुवारीत मग ओबामाने ओळीने सगळं जिंकत नेलं. टेक्ससला तर दिवसा प्रायमरी आणि रात्री त्याच लोकांचा परत कॉकस, प्रायमरी जिंकली हिलरीने आणि एकूण डेलिगेट जास्त मिळाले ओबामाला.

वहिनीने त्यानंतर कितीतरी महिने आयडाहोचे बटाटे घेतले नाहीत, मेन राज्यातले आणायची. वडे तेवढेच चांगले व्हायचे.

पण एक सांगतो, आणि हे दोघांनाही तोंडावर सांगितलंय. त्या सहा महिन्यांत दोघांपैकी कोणीच नियमांबद्दल प्रामाणिक नव्हतं. मिशिगन आणि फ्लोरिडाने पार्टीचं वेळापत्रक मोडून जानेवारीतच मतदान घेतलं म्हणून पार्टीने त्यांचे डेलिगेट काढून घेतले होते, मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामाचं नावच नव्हतं. वहिनी म्हणे लाखो लोकांची मतं कचऱ्यात टाकायची का. दादा म्हणे नियम म्हणजे नियम. शेवटी ३१ मे ला पार्टीच्या समितीने दोन्ही राज्यांच्या प्रत्येक डेलिगेटला अर्धं मत दिलं, म्हणजे दोघंही नाराज. माझी खात्री आहे की ती राज्यं ओबामाने जिंकलेली असती तर दादा "लाखो लोकांची मतं" म्हणाला असता आणि वहिनी "नियम म्हणजे नियम". त्यामुळे प्रायमरीत कोणी तुम्हाला तत्त्व सांगायला लागलं की आधी विचारा, तुझा माणूस आत्ता किती डेलिगेटने मागे आहे?

सुपरडेलिगेट कोण? हे तर हायकमांडच झालं ना?

बरोबर ओळखलंत. खासदार, गव्हर्नर, पार्टीचे पदाधिकारी, यांना कोणी निवडून न देता अधिवेशनात मत. १९८४ पासून सुरू झालं, कल्पना अशी की लोकांनी भलताच माणूस निवडला तर कोणीतरी मोठ्यांनी आवरावं. २००८ मध्ये असे आठशेच्या आसपास होते. सुरुवातीला बहुतेक हिलरीकडे, मग वारा फिरला तसे तेही फिरले, जॉन लुईससारखा सिव्हिल राइट्सच्या चळवळीतला मोठा माणूस हिलरीला सोडून ओबामाकडे आला तेव्हा वहिनीला वाईट वाटलं होतं.

२०१६ ला मात्र यावरून रान पेटलं. आयोवात एक मत पडायच्या आधीच तीनशेच्या वर सुपरडेलिगेट हिलरीच्या बाजूने, आणि टीव्हीवाले ते आकडे तिच्या खात्यात मिळवून दाखवत होते, म्हणजे तिच्या विरोधातल्या बर्नी सँडर्सने राज्य जिंकलं तरी स्क्रीनवर तो मैलभर मागे. बर्नीवाल्या पोरांचा राग मला तेव्हाही पटला होता, जरी मतंसुद्धा शेवटी हिलरीलाच जास्त होती, तिला एक कोटी सत्तर लाखांच्या जवळपास आणि त्याला एक कोटी तीस लाखांच्या वर. २०१८ मध्ये नियम बदलला, आता पहिल्या फेरीत निकाल अडत असेल तर सुपरडेलिगेटना मत नाही.

"डी-पंजाब" काय प्रकार होता?

हा प्रश्न मुद्दाम घेतोय कारण आपल्या लोकांना हा नीट माहीत नाही. इथे सिनेटरच्या नावापुढे पार्टीचं आद्याक्षर आणि राज्य लिहितात, डी-न्यूयॉर्क वगैरे. जून २००७ मध्ये ओबामाच्या प्रचारातल्या लोकांनी पत्रकारांना गुपचूप एक कागद दिला, त्यात हिलरीचा उल्लेख "डी-पंजाब". मुद्दा काय, तर क्लिंटन नवरा-बायकोची भारताशी संबंधित गुंतवणूक, भारतीय वंशाच्या लोकांनी तिला दिलेला पैसा, आणि नोकऱ्या बाहेर पाठवणाऱ्या कंपन्यांशी जवळीक. पंजाबचा जोक मुळात हिलरीनेच एका कार्यक्रमात केलेला, की मी पंजाबातून सहज निवडून येईन. कागद फुटला, इथल्या देशी लोकांनी आरडाओरड केली, ओबामाने ती आपल्या स्टाफची मूर्ख चूक होती म्हणून माफी मागितली.

मी तेव्हा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, आयटीत, म्हणजे ज्या नोकऱ्यांबद्दल हे चाललं होतं त्यातलाच एक. मत नाही, पण नावाला ओढलेलो. दादाने तो विषय टेबलवर कधी काढला नाही, आणि वहिनीने कधी सोडला नाही.

प्रायमरीत मत कोण देऊ शकतं?

राज्यागणिक वेगळं. न्यूजर्सीत तुम्ही कुठल्याच पार्टीत नसाल तर मतदानाच्या दिवशी तिथेच पार्टी सांगून मत देता येतं. न्यूयॉर्कला तसं नाही, आधीच पार्टीत नोंद पाहिजे, आणि २०१६ मध्ये आधीची नोंद बदलायची असेल तर मुदत होती ऑक्टोबर २०१५, मतदान एप्रिल २०१६! ट्रम्पची स्वतःची दोन मुलं, इव्हान्का आणि एरिक, ही मुदत चुकली म्हणून बापाला मत देऊ शकली नाहीत.

एक बारीकशी गोष्ट सांगतो जी कोणी सांगत नाही. मत गुप्त असतं, पण पार्टी गुप्त नसते. मी २०१६ ला पहिल्यांदा गेलो, शाळेच्या हॉलमध्ये टेबलामागे दोन आजीबाई, मोठं रजिस्टर, त्यात माझ्या सहीची जागा. आजीबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "कुठली पार्टी?" मागे लाईनीत आमच्याच गल्लीतले एक काका, ज्यांच्याबरोबर मी सहा वर्षं हवामान सोडून कशावर बोललो नव्हतो. मी म्हटलं डेमोक्रॅट. मग त्यांनी म्हटलं रिपब्लिकन. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि परत हवामानावर आलो. आजही हवामानावरच आहोत.

मी व्हिसावर आहे / ग्रीन कार्डवर आहे, काय करू शकतो?

मत दोघांनाही नाही, चुकूनसुद्धा रजिस्टर करू नका, सिटीझनशिप अडकेल. ग्रीन कार्डवाल्याला प्रचाराला पैसे देता येतात, व्हिसावाल्याला नाही. फुकट राबायला दोघांनाही चालतं, फोन लावणं, पाकिटं चिकटवणं. मी २००८ मध्ये दादासाठी शंभरेक पाकिटं चिकटवली आणि वहिनीसाठी पण.

शेवटी येणाऱ्या राज्यांच्या मताला काही अर्थ असतो का?

वरातीमागून घोडं. ७ जून २०१६ ला आमची प्रायमरी, माझं आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत, सिटीझन होऊन वर्ष झालेलं, आणि आदल्या रात्री असोसिएटेड प्रेसने जाहीर करून टाकलं की हिलरीचे डेलिगेट पुरे झाले. खेळ संपला.

पण त्याच्या महिनाभर आधी, मे मध्ये, बर्नी पिस्कॅटवेला रटगर्सच्या जिममध्ये सभेला आला होता. माझा पुतण्या तिथेच शिकत होता, एकोणीस वर्षांचा. हाच पोरगा २००८ मध्ये दप्तरावर ओबामाचं स्टिकर लावून फिरायचा. सभेहून घसा बसवून आला आणि आईला म्हणाला, पब्लिक कॉलेज फुकट पाहिजे. वहिनी पोळ्या लाटत होती, तिने लाटणं खाली ठेवलं. "तुझी फी कोण भरतंय?" "तोच तर मुद्दा आहे ना आई!" मग हिलरीने गोल्डमन सॅक्स बँकेकडून पैसे घेऊन केलेली भाषणं, इराकचं मत (आठ वर्षांनी परत तेच मत, दादा गप्प, कारण आता तो हिलरीकडे आला होता), मग वहिनी म्हणाली एका बाईने तीस वर्षं खपून इथपर्यंत यायचं आणि तुम्ही पोरांनी परत एक म्हातारा आणायचा. पोरगा उठून गेला. पोळी तव्यावर करपली, मी काढली.

न्यूजर्सी हिलरीने ६३-३७ ने जिंकली.

"माझा उमेदवार हरला तर मी घरी बसेन" असं म्हणणारे खरंच बसतात?

आपल्याकडे म्हणतात ना, बंडोबांचे थंडोबा होतात. बहुतेक होतात. सगळे नाही.

२००८ च्या जूनमध्ये हिलरीने माघार घेतली, बायकांची वाट अडवणाऱ्या काचेच्या छताला १ कोटी ८० लाख (म्हणजे तिच्या मतांइतके) तडे गेले असं म्हणाली, आणि तिच्या चिडलेल्या समर्थकांनी प्यूमा नावाचा गट काढला (लाँगफॉर्म इथे लिहिण्यासारखा नाही, ओबामाला मत देणार नाही हा अर्थ). मग २७ जूनला दोघांनी एकत्र सभा घेतली ती न्यू हॅम्पशायरच्या युनिटी नावाच्या गावात, कारण जानेवारीत त्या गावात दोघांना बरोबर १०७-१०७ मतं पडली होती. असं गाव शोधून काढणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. ऑगस्टमध्ये डेन्व्हरला हिलरीने स्वतः उभं राहून ओबामाच्या नावाचा ठराव मांडला. लगेच रिपब्लिकन उमेदवार मॅकेनने सेरा पेलिनला उपाध्यक्षपदासाठी घेतलं, हिलरीच्या बायका आपल्याकडे येतील या हिशोबाने. वहिनी म्हणाली, "आम्हाला काय बावळट समजतात का?" आणि नोव्हेंबरमध्ये तिने ओबामाला मत दिलं, तोंड वाकडं करून, पण दिलं.

२०१६ ला शिलाई तेवढी पक्की बसली नाही. अधिवेशनाच्या तोंडावर पार्टी ऑफिसचे ईमेल विकिलीक्सने फोडले, बर्नीबद्दल आतले लोक काय बोलत होते ते बाहेर आलं, पार्टीच्या अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झना पद सोडावं लागलं, हॉलमध्ये हुर्यो. प्रायमरीत बर्नीला मत दिलेल्यांपैकी १२ टक्क्यांच्या आसपास लोक नोव्हेंबरमध्ये ट्रम्पकडे गेले असं नंतरच्या एका मोठ्या पाहणीत निघालं. आता बर्नीवाल्यांना शिव्या देण्याआधी हे पण ऐका, की २००८ मध्ये मॅकेनकडे गेलेले हिलरीवाले त्याहून कमी नव्हते. फरक एवढाच की ओबामाकडे घसघशीत आघाडी होती म्हणून ते खपून गेलं, आणि हिलरी मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून ८० हजारांपेक्षा कमी मतांनी हरली.

रिपब्लिकन पार्टीत भांडणं होत नाहीत का?

होतात, फक्त लवकर मिटतात, कारण त्यांच्या बऱ्याच राज्यांत जिंकेल त्याला सगळं किंवा जवळपास सगळं. २०१६ ला सतरा उमेदवार होते, ट्रम्पला साऊथ कॅरोलायनात साडेबत्तीस टक्के मतं मिळाली आणि डेलिगेट पन्नासच्या पन्नास. बाकीचे आपसात भांडत बसले, कोणी कोणासाठी बसायला तयार नाही.

भारतीय वंशाचा उमेदवार असेल तर आपले लोक त्यालाच देतात?

नाही हो. बॉबी जिंदाल २०१५ मध्ये आयोवाच्या आधीच घरी गेले, कमला हॅरिस यांनी २०१९ च्या डिसेंबरमध्ये माघार घेतली. आणि २०२३ मध्ये निकी हेली आणि विवेक रामास्वामी रिपब्लिकन डिबेटच्या स्टेजवर एकमेकांना असे भिडले, त्याने तिच्या मुलीचं टिकटॉक काढलं आणि तिने त्याला सरळ घाण माणूस म्हटलं, की आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला आलेले रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट पहिल्यांदा एका बाजूला बसून मजा बघत होते.

हे आपल्याकडे का नाही?

झालं होतं. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने पंधरा-सोळा मतदारसंघांत प्रायमरी घेतली, त्यात आपले वर्धा आणि लातूर होते. मत मात्र सामान्य मतदाराला नाही, पार्टीच्याच पदाधिकाऱ्यांना. दोन्ही जागा भाजपने जिंकल्या आणि विषय संपला. त्या वर्षीच्या लाटेत कोणीही पडलं असतं म्हणा.

मराठी माणूस आणि प्रायमरी यांचं खरं नातं बघायचं तर बेळगावचे श्री ठाणेदार. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले, आणि २०२२ ला डेट्रॉइटच्या अमेरिकन काँग्रेसच्या (म्हणजे इथल्या संसदेच्या) जागेसाठी नऊ उमेदवारांत तीस टक्क्यांच्या आतल्या मतांवर प्रायमरी जिंकली. जागा इतकी पक्की डेमोक्रॅट की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे सत्तर टक्क्यांना तो नको होता?" हो मामा, तसंही म्हणता येईल.

दोघांपैकी कोणीच पटत नसेल तर?

काही राज्यांत "अनकमिटेड" असं बटण असतं, म्हणजे मी पार्टीचा आहे पण यातला कोणी नको. २००८ ला मिशिगनमध्ये ओबामाचं नाव नव्हतं तेव्हा ४० टक्क्यांनी तेच दाबलं. २०२४ ला तिथेच गाझावरून बायडनवर चिडलेल्या एक लाखाहून जास्त लोकांनी ते दाबलं, आणि मग बाकी राज्यांत ते लोण पसरलं, आमच्याकडे जूनमध्येही.

पुतण्याने तेच केलं. आता सत्तावीस वर्षांचा आहे, नोकरी करतो, रविवारी जेवायला येतो. त्याने आईला स्वतःहून सांगितलं, कोणाला मत दिलं नाही ते. वहिनी लाटत होती. म्हणाली "बरं", आणि लाटतच राहिली.